पाणलोटाचा आराखडा करायचाय? पावसात ओढ्यावर जा

तलावाचं पाणी प्रदूषणापासून वाचवायला त्याच्या पाणलोटाचा, म्हणजे जिथून पाणी वाहत त्यात येतं त्या सगळ्या भागाचा, मी केलेला पहिला आराखडा फसला, कारण पाण्याचे सगळे नमुने मी उघडिपीत घेतले होते. काठाने चालायला सोपं, एवढंच कारण. ते आकडे पाहून सारा दोष एका सांडपाण्याच्या पाइपवर टाकून मोकळा झालो.

उदाहरणादाखल हिशेब मांडून बघा. ओढा सेकंदाला 5 लिटर वाहतोय, लिटरमागे 2 मिलिग्रॅम स्फुरद (फॉस्फरस, तलावात शेवाळ माजवणारं पोषक द्रव्य), म्हणजे दिवसाला 0.86 किलो. पावसात तोच ओढा 300 लिटरवर गेला आणि स्फुरद निम्म्यावर आलं, तरी तसाच दिवसभर वाहिला तर सुमारे 26 किलो. बाटलीत पाणी जास्त स्वच्छ दिसतं आणि तलावात जातं तीसपट! म्हणून नमुन्यासोबत प्रवाह मोजलाच पाहिजे. तरंगती वस्तू ठरावीक अंतर किती वेळात कापते ते बघा, वेगाला ओढ्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाने (रुंदी गुणिले सरासरी खोली) गुणा आणि येईल त्याचे साधारण 85 टक्के धरा, कारण पृष्ठभागाखाली पाणी सावकाश चालतं. छेद ओढा उतरलेला असतानाच मोजून ठेवा. पुराच्या पाण्यात पाय घालायचा नाही.

हद्द आखणं त्यामानाने सोपं. जिथलं पाणी वाचवायचं ती जागा नकाशावर धरा, समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) आधाराने दोन्ही बाजूंचे माथे जोडत वर जा. आत जिथे दोन ओहोळ मिळतात तिथे उपपाणलोट पाडा आणि प्रत्येकाच्या तोंडाशी नमुना घ्या. पाणी चढताना एक, उतरताना एक.

मग भर पावसात फिरा. गढूळ धार ओढ्यात नेमकी कुठून शिरते? गाडीची चाकोरी, गुरांची वाट, रस्त्याकडेची गटार, काठालगतचा उकिरडा. उतार तीव्र पण ओढ्यापर्यंत वाट नाही, असं शेत यादीत खाली टाका. काठाला चिकटलेलं सपाट, उघडं शेत वर.

उपाय निवडताना स्फुरद आणि नायट्रेट (खतातल्या नत्राचं विरघळणारं रूप) एका मापाने मोजू नका. स्फुरद बरंचसं मातीला चिकटून येतं. माती अडली की तेही अडतं. नायट्रेट विरघळून जमिनीत मुरतं आणि झऱ्यातून पुन्हा ओढ्यात येतं. तिथे खताची मात्रा आणि वेळच बदलावी लागते. काठचा गवताचा पट्टा तर सगळ्यांचा लाडका! पण पाणी पातळ पसरून आलं तरच तो गाळ धरतो. धार बांधून आलं तर सरळ कापून जातं. म्हणून ती धार आधी वर, माथ्याकडेच मोडा.

खर्च कुणाचा, हे कामाआधी लिहून घ्या. कष्ट वरच्यांचे, फायदा खालच्यांचा. 1997 साली न्यूयॉर्क शहराने वरच्या पाणलोटातल्या गावांशी करार केला आणि तिथल्या जमिनीच्या राखणीवर पैसा घातला. त्या पाण्यासाठीचा अवाढव्य गाळण प्रकल्प टळला.

आणि पहिल्याच बैठकीत सांगून टाका: तळाच्या गाळात साठलेलं स्फुरद पुढे कित्येक वर्षं सुटत राहतं. दुसऱ्याच वर्षी तलाव हिरवा दिसला म्हणून माती अडवणारे बांध फोडू नका.