ड्युअल-कोर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग: पहिल्यांदा करताना

ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याला, हात घालण्याआधी एक गुणाकार नीट समजून घ्या. प्रोसेसरचा वेग म्हणजे एफएसबी (फ्रंट साइड बस, म्हणजे प्रोसेसरला बाकी बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गाचा मूळ वेग, मेगाहर्ट्झमध्ये) गुणिले मल्टिप्लायर (त्या वेगाला गुणणारा आकडा). इंटेलचा २००८ साली आलेला कोअर २ ड्युओ ई८४०० घ्या: ३३३ गुणिले ९, म्हणजे ३ गिगाहर्ट्झ. त्याचा मल्टिप्लायर ९ च्या वर जात नाही, त्यामुळे एफएसबीच वाढवावा लागतो. ४०० केला की ३.६ गिगाहर्ट्झ. पहिल्या खेपेला एवढंच लक्ष्य ठेवा. ४००च का, ते पुढे येईलच.

सुरुवात स्क्रू-ड्रायव्हरने करा. कॅबिनेट उघडून धूळ काढा, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. कंपनीच्या कूलरला चार पुश-पिना असतात. त्यातली एखादी नीट बसलेली नसली, तर वरून सगळं ठीक दिसतं आणि तापमान मात्र चढत राहतं. मदरबोर्डाच्या मागच्या बाजूने चारही पिना आरपार आल्यात का, ते डोळ्यांनी बघा. मगच मशीन चालू करा, महत्त्वाच्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा आणि काही न बदलता प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारा प्रोग्राम) तासभर चालवून कोअर टेम्प या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तापमान बघा. मूळ वेगालाच ते सत्तरीच्या घरात जात असेल, तर इथेच थांबून आधी चांगला कूलर बसवा.

आता बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणारी बोर्डाची सेटिंग्ज. पीसीआय एक्सप्रेसचा आणि पीसीआयचा (कार्डं आणि इतर भाग जोडणारे बोर्डावरचे मार्ग) वेग अनुक्रमे १०० आणि ३३ मेगाहर्ट्झवर हाताने पक्का करा, नाहीतर एफएसबीबरोबर त्यांचेही वेग वाढून हार्ड डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड अडचणीत येऊ शकतं. व्हीकोअर, म्हणजे प्रोसेसरचा व्होल्टेज, ‘ऑटो’वर ठेवू नका. ऑटोवर काही बोर्ड गरजेपेक्षा बराच जास्त व्होल्टेज देतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

नवखे लोक सर्वात जास्त अडकतात ते मेमरीत. मेमरीचा वेग एफएसबीला बांधलेला असतो. डीडीआर२-८०० मेमरीचा खरा क्लॉक ४०० मेगाहर्ट्झ. ३३३ च्या एफएसबीवर तो मिळवण्यासाठी बोर्ड ५:६ हे गुणोत्तर लावतो. तसंच ठेवून तुम्ही एफएसबी ४०० केला, तर मेमरी ४८० वर जाते आणि मशीन कोसळतं. दोष मेमरीचा, बोल मात्र प्रोसेसरला लागतो! म्हणून गुणोत्तर आधीच १:१ करा. मेमरी सुरुवातीला थोडी हळू चालेल, पण एफएसबी ४०० झाला की बरोबर आपल्या ठरलेल्या वेगावर येईल. तिचा व्होल्टेज आणि टायमिंग (मेमरीच्या प्रतिसादाचे आकडे) मेमरीच्या पट्टीवरच्या लेबलवर असतील तेच ठेवा.

मग एफएसबी दर वेळी १० ने वाढवा. दर टप्प्याला प्रोसेसर ९० मेगाहर्ट्झने पुढे सरकतो. विंडोज चालू करून सीपीयू-झेड या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये आकडे तपासा. काम नसताना मल्टिप्लायर ६ दिसला तर दचकू नका, ती वीज वाचवण्याची सोय आहे. प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास प्राइम९५ चालवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक आकडा कागदावर लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की बिघाड कशाने झाला, ते शोधता येत नाही.

प्राइम९५ चूक दाखवून थांबलं किंवा विंडोज कोसळून निळा पडदा आला, की व्हीकोअर अगदी एक पायरी वाढवून पुन्हा तपासा. इथे घाई फार महाग पडते. वेग वाढवला की उष्णता त्याच प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजची वाढ वर्गाच्या प्रमाणात भरते. वेग २० टक्के वाढला आणि व्होल्टेज १.२० वरून १.३० झाला, तर प्रोसेसर सुमारे ४० टक्के जास्त वीज खातो. ई८४०० साठी इंटेलने दिलेली व्होल्टेजची कक्षा १.३६२५ पर्यंत आहे. नवख्याने ती ओलांडू नये, असं माझं ठाम मत आहे. प्राइम९५ मध्ये तापमान ७० अंशांच्या पुढे गेलं, तर एक टप्पा मागे या.

मशीन चालूच झालं नाही तर घाबरू नका. वीज पूर्ण बंद करा, बोर्डावरच्या जंपरने (पिना जोडणारी छोटी टोपी) सीमॉस, म्हणजे बायोसची सेटिंग्ज साठवणारी मेमरी, क्लिअर करा. बायोस मूळ आकड्यांवर येतं.

पेंटियम जी३२५८ किंवा फिनॉम टू एक्स२ ५५५ ब्लॅक एडिशन असेल, तर काम बरंच सोपं आहे. त्यांचा मल्टिप्लायर खुला असल्याने तेवढाच वाढवायचा, मेमरीला धक्का लागत नाही. व्होल्टेजचं पथ्य तेच, आकडे मात्र त्या त्या प्रोसेसरचे बघा.

४०० वर पोचल्यावर प्राइम९५ रात्रभर आणि मेमटेस्ट८६ या मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रामची किमान एक पूर्ण फेरी चालवा. अर्ध्या तासात न दिसलेली चूक कधीकधी सहाव्या तासाला दिसते, आणि तशीच राहिली तर फाइल्स गुपचूप खराब करत राहते. थंडीच्या दिवसांत जमवलेलं सेटिंग उन्हाळ्यात खोली तापली की पुन्हा एकदा तपासा.