नव्या फिश टँकमधले मासे आजारी? आधी या चुका टाळा

टँक बसवून दोन-तीन आठवडे झाले की मासे तळाशी बसायला लागतात. पंख अंगाला चिकटवतात, खाणं सोडतात. मग दुकानातून औषध येतं, आणि उरलेसुरले मासेही दगावतात. पहिल्या महिना-दीड महिन्यातली बहुतेक मरतूक रोगाची नसते, अमोनियाची असते. म्हणून औषधाच्या आधी पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं टेस्ट किट घ्या, तेही थेंबांचं.

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट (तेही विषारीच) आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढतं. पहिल्या आठवड्यात ठणठणीत असलेले मासे तिसऱ्या आठवड्यात का मरतात, याचं उत्तर बहुधा इथेच सापडतं.

सगळेच मासे एकदम वर येऊन तोंड उघडझाप करत असतील आणि कल्ले लालभडक किंवा तपकिरी दिसत असतील, तर पाणी तपासा. एखाद-दुसऱ्याच माशाच्या अंगावर रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके असतील, तर तो व्हाइट स्पॉट, म्हणजे परजीवीमुळे होणारा रोग. त्याचा उपाय वेगळा, तो पुढे आहे.

अमोनिया किंवा नायट्राइट शून्याच्या वर दिसलं की रोज २५ ते ५० टक्के पाणी बदला. खाणं दोन दिवस बंद ठेवा, नंतर दिवसाआड दोन मिनिटांत संपेल इतकंच घाला. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. नायट्राइट असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम खडेमीठ विरघळवून घाला, त्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात कमी जातं. पाणी बदलताना जेवढं काढलं तेवढ्यापुरतंच मीठ पुन्हा घाला.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पाणी दुधाळ झालं म्हणून अख्खा टँक रिकामा करून, खडी आणि स्पंज नळाखाली घासून धुणं. पहिल्या दिवसांतला दुधाळपणा पाण्यात तरंगणाऱ्या जिवाणूंचा असतो, तो आपोआप जातो. नळाच्या क्लोरीनने मात्र स्पंजवरचे उपयोगी जिवाणू मरतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत हलकेच पिळा. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून घ्या. महिन्याचं काम बरंच लवकर होतं.

ठाणे असो वा नवी मुंबई, पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतंच. पाणी टँकमध्ये ओतण्याआधी बादलीतच, बाटलीवरच्या प्रमाणात अँटी-क्लोरीन घाला. सोसायटीची टाकी धुतली, ब्लीचिंग पावडर वापरली, की दोन दिवस पाणी बदलू नका. बदलणं भागच असेल तर पाण्याला क्लोरीनचा वास येत नाही ना, हे बघा. ठाण्यात घोडबंदर रोडवर पाण्याचे टँकर येतात. त्यातलं पाणी बोअरचं असेल तर पीएच आणि जडपणा वेगळा असू शकतो, आणि पीएच जास्त असेल तर तोच अमोनिया अधिक विषारी ठरतो. म्हणून असं पाणी आल्यावर एकदम अर्धा टँक बदलू नका, थोडंथोडं बदला.

दोन फूट बाय एक बाय एकच्या टँकमध्ये जेमतेम ५० लिटर पाणी मावतं. त्यात पहिल्याच दिवशी चार गोल्डफिश सोडणं म्हणजे संकटाला आमंत्रण. सुरुवात तीन-चार छोट्या माशांनी करा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका, मासा जाळीने सोडा.

आता व्हाइट स्पॉट. माशाच्या कातडीत शिरलेल्या परजीवीला औषध लागू पडत नाही, तो सुटून पाण्यात पोहत असतानाच मरतो. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावर उपचार लगेच थांबवू नका. हीटरने तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत ३० पर्यंत न्या, हवा वाढवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. खडेमीठ लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे ५० लिटरला १०० ग्रॅम, आधीचं मीठ धरून, एका दिवसात तीन हप्त्यांत घाला. कोरीडोरास (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश) असतील तर निम्मंच, आणि नाजूक वनस्पती आधी काढून ठेवा. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर हे सुरू ठेवा. मिथिलीन ब्लू हे दुकानात मिळणारं निळं औषध टँकमध्ये ओतू नका, ते फिल्टरमधले जिवाणूही मारतं. ते वापरायचंच असेल तर वेगळ्या बादलीत, एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावून.