लेझरनं नाव कोरायला देताय? आधी आर्टवर्क नीट करून घ्या

नागपुरात इतवारीत द्या नाहीतर सीताबर्डीला, मशीन तुमच्या फाइलमध्ये जे आहे तेच कोरते, आणि एकदा कोरलं की खोडता येत नाही. म्हणून फाइलला वेळ द्या.

पहिले वस्तू ठरवा. लाकूड, ॲक्रिलिक, काच असेल तर सीओटू लेझर, स्टील-पितळेवर थेट कोरायचं असेल तर फायबर, दुकानात कोणती मशीन आहे ते विचारून घ्या. रेक्झिन किंवा पीव्हीसीवर करून द्या म्हणून मागे लागू नका, ते जळलं की क्लोरीनवाला विषारी धूर निघते.

लोगो आणि अक्षरं व्हेक्टरमध्ये द्या, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघांनी बनलेली, कितीही मोठी केली तरी न फाटणारी फाइल: सीडीआर, एसव्हीजी, पीडीएफ. जेपीजी पीडीएफमध्ये टाकला म्हणून तो व्हेक्टर होत नाही बरं का.

आता खरा मुद्दा, आपली मराठी अक्षरं. श्रीलिपीत टाइप केलं आणि दुकानदाराकडे तो फॉन्ट नसला तर तिकडे भलतंच काहीतरी उघडते, त्यामुळे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्ट सिलेक्ट करून कंट्रोल क्यू मारा, कर्व्ह होतात, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनतात, फॉन्ट लागत नाही. पण एवढ्यावर थांबू नका! देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते, मात्रा-वेलांट्याही तशाच, आणि कर्व्ह केल्यावर जिथं दोन आकार एकमेकांवर येतात तिथं मशीन बरेचदा ती जागा कोरायची सोडून देते, मग शिरोरेघेत बारीक बारीक फटी दिसतात. कटिंग असेल तर अजून वाईट, अक्षरं सुटी होऊन हातात येतात. उपाय सोपा आहे, सगळं सिलेक्ट करून वेल्ड करा, म्हणजे सगळे आकार जोडून एकच होतो. कोरल नसेल तर इंकस्केप हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्यात ऑब्जेक्ट टू पाथ, अनग्रुप, मग युनियन. नंतर आउटलाइन व्ह्यूमध्ये, म्हणजे रंग न भरता नुसत्या कडा दिसतात त्यात पाहा, आत आडव्या-उभ्या रेघा उरल्या नाही पाहिजेत. कर्व्ह केलेलं स्पेलिंग दुरुस्त होत नाही, म्हणून आधी घरच्या दोघांकडून नाव वाचून घ्या आणि टाइप केलेली कॉपी वेगळी ठेवा.

साइझ मिलिमीटरमध्ये खऱ्या मापाची ठेवा, कागदावर १०० टक्क्यांवर प्रिंट काढून वस्तूवर धरून पाहा. झिरो माइलचे चार घोडे मोठ्या पाटीवर छान येतात, पण ४ सेंटीमीटरच्या कीचेनवर पाय एकमेकांत मिसळतात, तिथं साधं रेखाचित्रच घ्या.

फोटो असेल तर त्याच मापात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), ग्रेस्केल म्हणजे काळा-पांढरा-करडा, मागचा पसारा काढलेला. काळ्या कोटिंगच्या बाटलीवर मात्र उलटं होते, फाइलमधला काळा भाग चकाकते कारण तिथला कोट उडून खालचं स्टील दिसते, म्हणून फोटो इन्व्हर्ट करावा लागते नाहीतर आजोबांचा चेहरा निगेटिव्हसारखा येईल. पारदर्शक ॲक्रिलिकवर मागून कोरत असतील तर मिरर करायचं, पण ते दुकानदार करणार की तुम्ही हे आधीच बोलून घ्या, दोघांनी केलं की परत उलटं.

व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की क्वालिटी जाते. आणि त्याच मटेरियलच्या तुकड्यावर एक सॅम्पल मागा, वस्तू आपलीच दिलेली असेल तर नक्कीच मागा.