खानदेशात बोअर मारताना: आधी जमीन ओळखा, मग गाडी बोलवा

यावल-रावेरचा शेतकरी आणि साक्री-पारोळ्याचा शेतकरी, दोघेही "बोअर मारला" असेच म्हणतात. पण दोघांचे काम वेगळे, बोअर मारायची गाडी वेगळी आणि खर्चही वेगळा. तापीच्या काठाला, विशेषतः उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, जाड गाळ आहे: माती, वाळू आणि गोट्यांचे थरावर थर. बाकीच्या बहुतेक खानदेशात खाली काळा पाषाण, म्हणजे लाव्हाच्या थरांचा बेसॉल्ट. गाळात पाणी वाळूच्या कणांमध्ये साठते. पाषाणात ते असते वरच्या कुजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. भेग चुकली की शेजारच्या भरल्या बोअरपासून पन्नास फुटांवरही नुसती धूळ निघते.

म्हणून पाषाणात जागा ठरवताना नारळ उभा राहतो का यापेक्षा आजूबाजूच्या दहा विहिरी बघा. कोणाला किती फुटांवर पाणी लागले आणि मे महिन्यात किती उरते, एवढे दोनच प्रश्न विचारा. ऑक्टोबरचे पाणी हिशेबात धरू नका. धुळे-नंदुरबारकडे शेतांतून दगडांची सरळ रांग भिंतीसारखी गेलेली दिसते, बहुधा पूर्व-पश्चिम. ती डाइक. जमिनीखालीही ती भिंतच असते. घट्ट असेल तर चढाच्या बाजूला पाणी अडवते आणि उताराची बाजू कोरडी ठेवते. स्वतः फुटलेली असेल तर पाणी वाहून नेते. दोन्ही बाजूंच्या विहिरी पाहिल्याशिवाय तिच्याजवळ बोअर घेऊ नका.

खोली किती, हे गाडी येण्याआधीच ठरवा. फुटाचा दर खोलीप्रमाणे टप्प्याटप्प्याने चढतो, आणि रात्री दोन वाजता "अजून पन्नास फूट बघू" म्हणताना डोके थाऱ्यावर नसते. बेसॉल्टमध्ये पाण्याच्या बहुतेक भेगा पहिल्या दोनशे फुटांत असतात. त्याखाली त्या विरळ होत जातात, आणि तिथे पाणी लागले तरी पुन्हा भरायला फार वेळ घेते. शिवाय महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ नुसार ६० मीटरपेक्षा खोल ती 'खोल विहीर', आणि अधिसूचित क्षेत्रात तिच्यावर बंदी आहे. तुमचे गाव त्यात येते का, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या.

बोअर सुरू झाला की दर दहा फुटांना चाळणीत चुरा धरा, धुऊन बघा आणि कागदावर ओळीने ढीग मांडा. राखाडी बारीक भुकटी म्हणजे घट्ट पाषाण. पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांचा भुसभुशीत चुरा म्हणजे मांजऱ्या, खनिजांनी भरलेल्या छिद्रांचा बेसॉल्ट. त्यात आशा आहे. धूळ एकाएकी विटकरी झाली तर समजा दोन थरांमधला लाल गेरू लागला. धूळ ओलसर होऊन गोळे पडू लागले की भेग जवळ आली. प्रत्येक बदलाचे फूट लिहून ठेवा, कारण पुढे मोटर कुठे लटकवायची आणि आतले केसिंग (बोअरची भिंत धरून ठेवणारा पाइप) कुठे छिद्रांचे लावायचे, हे याच कागदावरून ठरते.

सगळ्यात जास्त बोअर बिघडतात ते केसिंगवर वाचवलेल्या दोन-तीन हजारांमुळे. साडेसहा इंची बोअरला केसिंग मुरमात टेकवून चालत नाही. ते घट्ट खडकात किमान तीन ते पाच फूट बसले पाहिजे. नाहीतर पहिल्याच पावसात गढूळ पाणी आणि मुरूम आत येतो. जमिनीवर दीड-दोन फूट पाइप ठेवा. बाहेरची पोकळी वरच्या दहा-पंधरा फुटांत सिमेंटच्या पातळ काल्याने भरा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर फाटते, आणि त्या भेगांतून गोठ्याचे पाणी थेट पाइपाच्या कडेने उतरते. माथ्यावर काँक्रीटचा ओटा करा: किमान अर्धा मीटर लांब-रुंद, ३० सेंटिमीटर जमिनीत आणि ३० वर.

गेरू लागला असेल तर तो पाण्याने फुगतो, ढासळतो आणि मोटर अडकवून ठेवतो. अशा बोअरमध्ये तळापर्यंत साडेचार इंची पीव्हीसी पाइप उतरवा आणि फक्त भेगांच्या फुटांवर छिद्रांचे तुकडे लावा. मग आत चार इंचीच पंप जाईल, हे मोटर घेण्याआधी लक्षात असू द्या.

गाळातला ट्यूबवेल हा वेगळाच धंदा. तिथे खडक ठोकून फोडणारा हॅमर चालत नाही, फिरवून खोदणारी रोटरी गाडी लागते. अनेक ठिकाणी तीनशे फुटांपुढे जावे लागते, आणि पाइप तळापर्यंत घालावाच लागतो. वाळूच्या थरांसमोर जाळीचा पाइप, मातीसमोर साधा. भोवती चारी बाजूंनी अडीच-तीन इंच पोकळी ठेवून तिच्यात धुतलेली गोल खडी भरायची, जाळीच्या फटीपेक्षा मोठी. चुरीव खडी स्वस्त पडते, पण तिच्यातली भुकटी जाळी बुजवते. नंतर कंप्रेसरने, बादलीत वाळू बसायची थांबेपर्यंत बोअर धुवा. हे अर्धवट सोडले तर वाळू वर्षभरात पंपाचे इम्पेलर खाऊन टाकते.

आता 'इंची'चा हिशेब. गाडीवाला "दोन इंच पाणी" म्हणाला की कोणते इंच, ते विचारा. खरे माप व्ही आकाराच्या खाचेच्या पत्र्यावरचे: काटकोनी खाचेत पाण्याची उंची १ इंच असेल तर ताशी सुमारे ५०० लिटर, दीड इंचाला १,४००, २ इंचांना २,९०० आणि ३ इंचांना ८,०००. दोन इंच म्हणजे एकाच्या दुप्पट नव्हे, साडेपाच पटींहून जास्त. अर्धा तास धुतल्यानंतरचे माप धरा. सुरुवातीचा लोंढा भेगांत साठलेल्या पाण्याचा असतो. आता हे केळीला लावून बघा: पाच बाय पाच फुटांवर एकरी साधारण १,७४० झाडे, भर उन्हाळ्यात झाडाला दिवसाला २० लिटर म्हणजे ३५,००० लिटर. दोन इंची बोअर आठ तासांच्या थ्री फेजवर देतो २३,०००. एक एकरही भिजत नाही.

म्हणून पंप पाण्याच्या मापाचा घ्या, हौसेच्या एचपीचा नको. बोअर सतत जेवढे देतो त्याच्या साधारण ७० टक्के उपसणारा पंप टिकतो. मोटर तळापासून दहा-पंधरा फूट वर ठेवा आणि भेगेच्या अगदी समोर लटकवू नका. मोटर आत पाणी भरायच्या प्रकारची असेल तर बोअरमध्ये सोडण्याआधी ती स्वच्छ पाण्याने भरा, बुडबुडे थांबेपर्यंत. ड्राय रन (पाणी संपले की मोटर बंद करणारा) आणि सिंगल फेज (एखादा फेज गेला की बंद करणारा) प्रिव्हेंटर, दोन्ही लावा. डीपी (ट्रान्सफॉर्मर) दुरुस्त झाल्यावर एकाएकी पाणी कमी येऊ लागले तर मोटर बाहेर काढायची घाई नको. स्टार्टरवरच्या कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करून पाहा, मोटर उलटी फिरत असेल.

महिन्यातून एकदा तीन आकडे वहीत लिहा: सकाळी मोटर लावण्याआधी पाणी किती फुटांवर, दोनशे लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो, आणि अँपिअर किती. पातळी तीच पण ड्रमला वेळ जास्त, तर पंप झिजलाय, पाणी वर आणणाऱ्या कॉलम पाइपला भोक आहे किंवा क्षार साचलेत. पातळीच खाली गेली तर पंप बदलून काही उपयोग नाही. अँपिअर नेहमीपेक्षा वाढले तर वाळू किंवा गेरू अडकलाय. घसरले तर पंप हवा ओढतोय, लगेच बंद करा.

पिण्याचा बोअर पावसाळ्यानंतर एकदा निर्जंतुक करावा. साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला सुमारे साडेसहा लिटर पाणी असते. दोनशे फूट पाणी म्हणजे १,३०० लिटर, त्याला ताजी ब्लीचिंग पावडर साधारण ४५० ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचे निवळ पाणी बोअरमध्ये ओता. थोडा वेळ मोटर चालवून तेच पाणी पाइपाने परत आत सोडा, मग बारा तास बंद. नंतर वास जाईपर्यंत उपसा. ते पाणी गुरांच्या हौदात किंवा ठिबकवर सोडू नका.

बोअर कोरडा गेला, मोटर निघाली, की त्याच दिवशी तोंडाला लोखंडी झाकण वेल्डिंग करून किंवा बोल्टने आवळून बसवा. वर दगड ठेवणे म्हणजे बंद करणे नव्हे. लहान मुले उघड्या बोअरमध्ये पडतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये यासाठी निर्देश दिले आहेत. कायमचा सोडायचा असेल तर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, गोटे किंवा बोअरचाच चुरा भरायचा. थोडे थोडे भरत पाणी सोडत जा, नाहीतर मध्येच अडकून खाली पोकळी राहते आणि पुढच्या पावसाळ्यात भराव खचतो.