जर्मनीत काळी हॅटवाला लिफ्ट मागताना दिसला तर काय करायचं

हायवेच्या पेट्रोल पंपावर मोठ्या काठाची काळी हॅट, कॉर्डरॉयची बेलबॉटम, पांढरा शर्ट, वेस्टकोट आणि हातात पिळदार वाकडी काठी असा कुणी अंगठा दाखवत उभा दिसला तर सर्कशीतला समजू नका, मी समजलो होतो. तो शिकून परीक्षा पास झालेला कारागीर असतो, बहुतेकदा सुतार, आणि वाल्त्सवर निघालेला असतो. म्हणजे कमीत कमी तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव फिरून काम करायचं, आणि तेवढे दिवस स्वतःच्या घराच्या ५० किलोमीटरच्या आत पाय ठेवायचा नाही. जुन्या कारागीर मंडळ्यांची पद्धत, आजही चालू आहे, आता मुलीही निघतात. लग्न नको, कर्ज नको, वय ३० च्या आत, अशा अटी.

कपड्यांचा रंग बघा आधी. काळा म्हणजे लाकूडकामवाला. वेस्टकोटची आठ बटणं म्हणजे दिवसाचे आठ तास काम, जॅकेटची सहा म्हणजे आठवड्याचे सहा दिवस, असं तेच सांगतात.

आता हॅट. कुणाची साधी रुंद काठाची, कुणाची गोल बोलर, कुणी तर टॉप हॅट घालून फिरतो. ही मुक्त माणसाची खूण, त्यामुळे "जरा घालून बघू का" म्हणून हात लावू नका, आपल्याकडे कुणाच्या पगडीला हात लावाल का? माझ्या छोट्या गाडीत हॅट छताला लागायला लागली तर त्याने ती काढून मांडीवर घेतली, मागच्या सीटवर ठेव म्हटलं तरी नाही, गाठोडं मात्र बिनधास्त मागे टाकलं.

लिफ्ट दिलीत तर पैसे मागायचे नाहीत, प्रवासाला आणि झोपायला पैसे मोजायचे नाहीत हा त्यांचा नियमच आहे. व्हॉट्सॲप नंबरही मागू नका, मोबाईल बाळगत नाहीत. घराचं काम करून घ्यायचं असेल तर मात्र तिथल्या रेटने पूर्ण मजुरी द्यायची, ते फुकट राबत नाहीत, आणि शेवटी त्यांच्या वहीत चार ओळी लिहून द्यायच्या.

कानातल्या बाळीबद्दल जरूर विचारा. निघताना साथीदार हातोडी आणि खिळ्याने कान टोचतात (हो, खिळ्याने). कुणी लबाडी केली तर बाळी ओढून कान फाडायचे म्हणे, म्हणून जर्मनमध्ये लबाड माणसाला "फाटक्या कानाचा" म्हणतात. आपण त्याच कामाला टोपी घालणं म्हणतो, हे त्याला समजावताना माझं जर्मन संपलं.

आणि कधी नव्या घराच्या छपराचा सांगाडा उभा राहिल्यावरच्या समारंभाला बोलावलं तर जा. सुतार वर चढून पद्य म्हणतो, ग्लास रिकामा करतो आणि खाली फेकतो, तो फुटायलाच हवा, नाहीतर अपशकुन. तेवढं लांब उभे रहा.