प्लेयरची हेड कोच होताय? मग या चुका टाळा

अमेरिकेतल्या कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये कितीतरी हेड कोच स्वतः कॉलेजला खेळलेल्या असतात, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की चार सिझन दणकून खेळलं, ऑल-अमेरिकन (देशातल्या निवडक खेळाडूंची यादी) वगैरे झालं, की पुढची पायरी कोचिंगच. तिथेच पहिली गडबड होते. केली इनोये-पेरेझ बघा. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीच्या कॅचर, प्लेयर म्हणून १९८९, १९९० आणि १९९२ अशी तीन नॅशनल टायटल, तरी त्याच टीममध्ये १९९४ पासून असिस्टंट म्हणून राहिल्या आणि हेड कोच झाल्या थेट २००७ ला. तेरा सिझन दुसऱ्याच्या हाताखाली! अ‍ॅरिझोनाच्या केटलिन लो, २००६ आणि २००७ च्या चॅम्पियन, २००८ च्या ऑलिम्पिकला सिल्व्हर, त्यांनीही तिथले हेड कोच माइक कॅन्ड्रिया यांच्याकडे बरीच वर्षं काढली तेव्हा २०२१ ला टीम हातात आली. आणि लिसा फर्नांडेझ, तीन ऑलिम्पिक गोल्डवाल्या, त्या तर इतकी वर्षं यूसीएलएत असिस्टंटच्याच भूमिकेत राहिल्यात. म्हणजे मोठं खेळलं की मोठी खुर्ची हे गणितच चुकीचं आहे. हेड कोचची ऑफर लगेच आली तरी आधी दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या टीमच्या बाकावर) बसा, निदान आपण खेळलो ती सोडून दुसऱ्या एखाद्या पोझिशनची जबाबदारी मागून घ्या.

आता मुख्य चूक, जी जवळजवळ सगळ्याच जणी करतात. स्वतःच्या शरीराचं कोचिंग. तुम्ही लेफ्टी स्लॅपर होतात समजा (केटलिन लो तशाच होत्या), म्हणजे बॉक्समध्ये (बॅटरसाठी आखलेल्या चौकटीत) मागे उभं राहायचं, पिचरचा हात फिरला की क्रॉसओव्हर स्टेप टाकून पळता पळताच बॉल शॉर्टस्टॉपकडे ढकलायचा आणि थ्रो यायच्या आत फर्स्ट बेस गाठायचा. हे तुमच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की तुम्ही टीममधल्या निम्म्या मुलींना डाव्या बाजूला उभं करता. मग काय दिसतं? मुली ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा बॉल) मारून फर्स्टला आउट होतायत, किंवा पाय बॉक्सच्या बाहेर पडून बॉल लागतोय आणि अंपायर आउट देतोय. कोच ओरडते, ‘लवकर निघा!’ अहो पण लवकर निघते म्हणूनच तर पाय बाहेर पडतोय! आधी घड्याळ काढा. होम ते फर्स्ट ६० फूट, प्रत्येकीचा टाइम लिहून काढा, ज्या खरंच वेगवान आहेत त्यांनाच स्लॅप द्या, बाकीच्यांना सरळ मारू द्या.

हीच चूक थर्ड बेसच्या कोचिंग बॉक्समध्ये आणखी महाग पडते. कॉलेजमध्ये बऱ्याच हेड कोच तिथे स्वतः उभ्या राहतात. सेकंडवर रनर आहे, लेफ्ट फील्डला सिंगल (एका बेसचा हिट) गेला, आता हात फिरवून तिला होमला पाठवायची की दोन्ही हात वर करून थांबवायची, विचाराला वेळच नसतो आणि त्या क्षणाला कोच नकळत विचार करते की मी असते तर पोचले असते. ती पोचली असती हो, पण पळतेय दुसरीच! होमवर रनर वारंवार आउट होत असतील तर मुलींच्या स्लायडिंगवर खापर फोडण्याआधी सेकंड ते होमचा टाइम प्रत्येकीचा वेगळा लिहून ठेवा, समोरच्या लेफ्ट फील्डरचा हात वॉर्मअपमध्येच बघून घ्या, आणि शून्य आउट असताना उगाच जुगार खेळू नका.

पिचर राहिलेल्या कोचचं दुखणं वेगळं. अंडरहँड विंडमिलने, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून खालून बॉल टाकल्याने, खांद्याला काही होत नाही असा एक जुना समज आहे आणि ‘आम्ही सात-सात इनिंग रोज टाकायचो’ हे त्याच्या जोडीला. खांदा दुखतोच, कंबर पण दुखते. लक्षण सोपं आहे, एप्रिलपर्यंत जी पिचर बॅटरना झोपवत होती तिचा राइजबॉल मे महिन्यात वर जायचाच थांबतो आणि बॅटर तिसऱ्यांदा समोर आली की धुते. ४३ फुटांवरून येणारा बॉल बघायला बॅटरला जेमतेम ०.४ सेकंद मिळतात, तिला दोनदा तेच दाखवलं की तिसऱ्यांदा ती ओळखते, एवढंच आहे ते. ओक्लाहोमाने २०२३ ला ६१-१ (६१ जिंकल्या, एकच हरली) असा सिझन काढला तेव्हा जॉर्डी बॉल, निकोल मे आणि अ‍ॅलेक्स स्टोराको अशा तिघी होत्या, शिवाय हेड कोच पॅटी गॅसो यांनी पिचिंगचं काम जेनिफर रोशा यांच्याकडे सोपवलेलं. पिच काउंट लिहा, दुसऱ्या पिचरला सोप्या मॅचमध्येच नाही तर अडचणीच्या इनिंगमध्येही आणा, नाहीतर ती तयार होणार कधी?

कालपर्यंत जिच्यासोबत खेळलात ती आज तुमची सीनियर प्लेयर असेल तर मैत्री आणि लाइनअप एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठेवू नका. यावर जास्त काय बोलायचं.

मैदानाबाहेरचं काम मात्र कुणीच धरत नाही. गॅसो १९९५ ला ओक्लाहोमात आल्या तेव्हा टीमला स्वतःचं ग्राउंड नव्हतं, नॉर्मनच्या रीव्ह्ज पार्क नावाच्या सार्वजनिक बागेत खेळायचे. स्वतःचं मैदान १९९८ ला मिळालं. मग स्कॉलरशिप. बरीच वर्षं डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या पातळीच्या) टीमला जास्तीत जास्त १२ मिळायच्या आणि त्या वीसेक मुलींत तुकडे करून वाटायच्या, कुणाला अर्धी, कुणाला पाव. त्यात २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे मुलीने नाव टाकलं की दुसरं कॉलेज तिच्याशी बोलू शकतं, कोचची परवानगी लागत नाही. जॉर्डी बॉलसुद्धा २०२३ चं टायटल जिंकून नेब्रास्काला निघून गेली! म्हणून सिझन संपल्यावर बोलू असं म्हणू नका, प्रत्येकीशी मधूनमधून बसून बोला, तिला किती खेळायला मिळणार ते खरं सांगा. आपल्याकडे युनिव्हर्सिटी खेळलेली मुलगी बी.पी.एड. करून शाळेत लागते आणि टीम आपोआप गळ्यात पडते, तिथे पोर्टल नाही पण दहावीच्या ग्रेस मार्कांसाठी आलेले पालक आहेत, बोलणं तेवढंच करावं लागतं.

आणि पहिला सिझन खराब गेला की सगळं उपटून टाकणं. इनोये-पेरेझ यांच्या पहिल्याच वर्षी, २००७ ला, यूसीएलए वर्ल्ड सिरीजला (ओक्लाहोमा सिटीत होणारा नॅशनल टायटलचा शेवटचा टप्पा) पोचलीच नाही, २०१० ला चॅम्पियन. २०२३ ला दुसरं सीड (मानांकन) असताना घरच्या रिजनलमध्ये (वर्ल्ड सिरीजआधीची पहिली फेरी, त्यानंतर सुपर रिजनल) दोन्ही मॅच हरले, पुढच्या वर्षी परत ओक्लाहोमा सिटीत हजर. लो यांच्या पहिल्या सिझनला अ‍ॅरिझोना लीगमध्ये जिंकली कमी, हरली जास्त, पण तीच टीम मिझुरीत रिजनल आणि मिसिसिपी स्टेटमध्ये सुपर रिजनल जिंकून वर्ल्ड सिरीजला गेली. गॅसो यांचं पहिलं टायटल २०००, दुसरं २०१३. तेरा वर्षं! तेव्हा स्टान्स, कॅप्टन, असिस्टंट सगळं एकदम बदलायच्या आधी स्कोअरबुक घेऊन बसा आणि खाल्लेला प्रत्येक रन तीन रकान्यांत टाका, वॉकमुळे (चार बॉल बाहेर टाकून फुकट दिलेला बेस), एररमुळे (फील्डिंगची चूक), की खऱ्या हिटमुळे. नवीन टीमचा वॉकचा रकाना बहुतेक वेळा सगळ्यात लांब निघतो, तसं असेल तर ऑफ-सिझनला बॅटिंग केजचा अर्धा वेळ काढून बुलपेनला (पिचरच्या सरावाला) द्या.