कॉर्निस आणि टेक्सचर छतामधली फट : या चुका टाळा

सपाट छताला कॉर्निस, म्हणजे भिंत आणि छत जुळतात तिथली शोभेची पट्टी, लावली की फट भरणं किरकोळ काम असतं. छताला टेक्सचर, म्हणजे मुद्दाम केलेला खडबडीत थर, असेल तर मात्र कॉर्निस नुसती उंचवट्यांवर टेकते आणि मधे फटी राहतात, कुठे केसाएवढ्या, कुठे पेन्सिल जाईल एवढ्या. मग घाईघाईत जे मिळेल ते कोंबलं जातं.

सगळ्यात वैताग आणणारी चूक म्हणजे सिलिकॉन. बाथरूमला चालतं म्हणून हॉललाही मारायचं! साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये आधीच्या पेंटरने हॉलभर पारदर्शक सिलिकॉन फिरवलं होतं. वर इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) लावलं की ते थेंबाथेंबांनी आकसून बाजूला व्हायचं. पठ्ठ्या रंगाचे हातावर हात देत राहिला. दिवाळी तोंडावर आलेली आणि आम्ही घोडीवर बसून कटरने ते सोलतोय. सिलिकॉन निघताना टेक्सचरचे पोपडेही घेऊन आलं. कितीही खरवडा, खाली पुसट तेलकट थर राहतोच आणि त्यावर पुढचं काही टिकत नाही. शेवटी कडेचं टेक्सचर काढून नव्यानेच करावं लागलं. सीलंटच्या, म्हणजे फट भरायच्या लवचीक मालाच्या, ट्यूबवर ‘अ‍ॅक्रिलिक’ आणि ‘रंगवता येतं’ हे दोन्ही वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार ‘एकच आहे’ म्हणाला तर दुकान बदला.

पुट्टीने सांधा भरणं ही दुसरी खोड. ‘पुट्टी मारतो, दिसणार पण नाही’ असं ठरलेलं वाक्य असतं. उन्हाळ्यापर्यंत नाही दिसत. वरच्या मजल्याचा स्लॅब एप्रिलमध्ये तापला की तो आणि पीयूची (पॉलियुरेथेन, हलकं प्लास्टिक) किंवा लाकडी कॉर्निस सारखी हलत नाहीत. पुट्टी कडक, ती ताणली जात नाही. सांध्याच्या कडेकडेने बारीक तडा जातो. सांध्यात लवचीक माल हवा, बस्स.

मोठ्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबू नका. फोमची गोल दोरी मिळते, ती आत दाबा आणि वरून सीलंट भरा.

आता भरलेलं सीलंट बोटाने सारखं करण्याबद्दल. नवशिके बोट जोरात ओढतात. सीलंट टेक्सचरच्या खळग्यांत जातं आणि कॉर्निसलगत एक गुळगुळीत पट्टी तयार होते. दिवसा कळत नाही. संध्याकाळी कोव्ह लाइट (कॉर्निसमागे लपवलेला, छतावर पडणारा दिवा) लावला की तीच पट्टी आधी दिसते. मी नोझल अगदी बारीक कापतो, हातभर लांबी भरतो, ओलं बोट एकदाच हलकं फिरवतो. मग जुना टूथब्रश पाण्यात बुडवून, झटकून, त्याच्या टोकाने खळग्यांतला माल टिपतो. साय धरायच्या आत हे व्हायला हवं, म्हणून खोलीभर ट्यूब फिरवून मग परत येणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही. कॉर्निस अजून लागायची असेल तर त्याहून सोपं: तिची वरची कड जिथे येणार तिथलं टेक्सचर जुन्या स्क्रूड्रायव्हरने रेघेत खरवडून घ्या. फट बरीच कमी होते.

मास्किंग टेप छताच्या बाजूने लावू नका, खालून माल शिरतो. फक्त कॉर्निसला लावा आणि सीलंट ओलं असतानाच काढा.

अ‍ॅक्रिलिक वाळताना थोडं बसतं, म्हणून सीलंटचा दुसरा हात धरून चला. रंग दुसऱ्या दिवशी, पावसाळ्यात आणखी उशिरा. आणि फटीलगत पिवळसर डाग असेल तर ट्यूब उघडूच नका. ते गळतीचं काम आहे, आधी वर गच्चीवर जाऊन बघा.